आर्क्टिकमध्ये पाऊस वाढला म्हणतात, पण पर्जन्यमापक खरं बोलतो का?

पांझराकाठ
धुळ्यातल्या एका शाळेची नववीची मुलं विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करताहेत. विषय: ध्रुवाजवळ बर्फाऐवजी पाऊस. जागा निवडली स्वालबार्ड, म्हणजे नॉर्वेचा आर्क्टिकमधला द्वीपसमूह, कारण तिथे नी-अलेसुंड या वस्तीत भारताचं 'हिमाद्री' संशोधन केंद्र २००८ पासून आहे आणि नॉर्वेच्या हवामान खात्याची आकडेवारी फुकट मिळते. तक्त्यात वार्षिक एकूण पर्जन्य (पाऊस अधिक वितळवून मोजलेला बर्फ) वर चढताना दिसतंय. त्याखाली मुलांनी लिहिलंय, "तापमान वाढलं म्हणून पर्जन्य वाढलं." वाक्य चुकीचं नाही. पण वाढलेला प्रत्येक मिलिमीटर खरोखर आभाळातून पडला की त्यातला काही मापकानेच तयार केला, हे तपासल्याशिवाय ते लिहू द्यावं का? जाणकारांनी सांगावं. गुगलवरचे उतारे कृपया चिकटवू नका.

गिरणाथडी
आप्पा, शंका रास्त आहे, आणि जुनी आहे. नॉर्वेजियन लोकांनी हाच प्रश्न २५ वर्षांपूर्वी स्वतःला विचारला होता.

मूळ गोम अशी. पर्जन्यमापक म्हणजे वाऱ्यात उभं केलेलं भांडं. वारा भांड्याच्या तोंडाशी आला की वर उचलला जातो आणि काठावरून जोराने पुढे सरकतो. पावसाचा थेंब जड, सेकंदाला चार-सहा मीटर वेगाने खाली येतो, तो या गडबडीतूनही बराचसा आत पडतो. हिमकण सेकंदाला जेमतेम एक मीटर उतरतो. तो वाऱ्याबरोबर भांड्यावरून निघून जातो. भोवती वारा मंद करणारं कुंपण नसलेल्या मापकात सेकंदाला पाच-सहा मीटर वारा असताना पडलेल्या बर्फाचा निम्मा भागही हाती लागत नाही. पावसात तूट पाच-दहा टक्क्यांच्या आसपास.

आपल्याकडे मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सें.मी.वर ठेवतात, तिथे वारा कमी. आर्क्टिकमध्ये तसं ठेवलं तर मापक बर्फाखाली गाडला जाईल, म्हणून तो दोन मीटर किंवा त्याहून उंच खांबावर बसवतात. आणि वर गेलं की वारा जास्त. नाईलाज आहे.

केळीचं_पान
म्हणजे जुनी सगळी बर्फाची आकडेवारी कमी भरलेली?

गिरणाथडी
हो, पण सगळीकडे सारखी नाही. मापकाचा प्रकार, कुंपण, वारा आणि तापमान यावर ठरतं. तुलनेसाठी जागतिक हवामान संघटनेने एक संदर्भ-मापक ठरवलाय: मध्ये रशियन ट्रेत्याकोव्ह मापक, भोवती लाकडी पट्ट्यांची दोन अष्टकोनी कुंपणं, आतलं ४ मीटर व्यासाचं, बाहेरचं १२ मीटर. पट्ट्यांमध्ये फट ठेवलेली असते. वारा पूर्ण अडवला तर भोवरे होतात. इथे तो फक्त मंद करायचा असतो. एवढं मोठं प्रकरण प्रत्येक ठिकाणी उभारता येत नाही, म्हणून काही मोजक्या ठिकाणी संदर्भ-मापक आणि नेहमीचे मापक शेजारी-शेजारी ठेवून तुलना करतात आणि दुरुस्तीची सूत्रं काढतात.

पांझराकाठ
मुलांना पटेल असं एखादं गणित आहे का?

गिरणाथडी
घ्या. आकडे काल्पनिक आहेत, पण पल्ला खरा आहे.

समजा एका ठिकाणी वर्षाला खरोखर ४०० मि.मी. पडतं. आधी त्यात बर्फ २४० आणि पाऊस १६०. मापक बर्फाचा ५५ टक्के पकडतो, पावसाचा ९० टक्के. नोंद होईल १३२ अधिक १४४, म्हणजे २७६.

आता हवा तापली, पण एकूण पर्जन्य तेच, ४००. फक्त अदलाबदल झाली: बर्फ १६०, पाऊस २४०. नोंद होईल ८८ अधिक २१६, म्हणजे ३०४.

आभाळातून एक थेंब जास्त पडला नाही, तरी वहीत २८ मि.मी. वाढ, दहा टक्के! मुलांच्या तक्त्यातली चढण यातून किती आली, हे आधी शोधायला हवं. चढण सगळीच खोटी असं मी म्हणत नाही. खरी वाढही आहे. पण दोन्ही एकाच रेषेत मिसळलेत.

सातपुडा_वारा
गिरणाथडींनी वाऱ्याचं सांगितलं, मी भांड्याच्या आतलं सांगतो.

स्वयंचलित केंद्रांवर आपली डुगडुगणारी वाटी, म्हणजे नरसाळ्याखाली भरली की कलंडणारी, चालत नाही. नरसाळं गोठतं. नरसाळ्याला हीटर लावला तर पडलेल्या बर्फातला काही भाग वाफ होऊन उडतो, आणि वाटीची नोंद तास-दोन तास उशिरा येते. म्हणून वजनी मापक वापरतात. बादली एका ताणलेल्या तारेवर टांगलेली असते. वजन वाढलं की तारेची कंपनसंख्या बदलते, त्यावरून मि.मी. काढतात. बादलीत आधीच गोठणरोधक द्रावण ओतलेलं असतं, पडलेला बर्फ त्यात विरघळतो. वर तेलाचा पातळ थर, बाष्पीभवन होऊ नये म्हणून.

यात बिघडतं काय:

द्रावण पातळ होत जातं. वेळेवर बदललं नाही तर वरचा थर गोठतो, नवा बर्फ त्यावर साचतो आणि वाऱ्याने उडून बाहेर जातो.

ओला बर्फ तोंडाच्या आतल्या कडेला चिकटून टोपी बनते. ती सहा तासांनी धपकन खाली पडते आणि नोंदीत कोरड्या दुपारी अचानक ८ मि.मी. दिसतात. शून्याच्या आसपासच्या तापमानात हे सर्रास होतं, आणि आपल्याला नेमका त्याच तापमानाचा अभ्यास करायचाय.

तिसरं, वाऱ्याने जमिनीवरून उडालेला जुना बर्फ मापकात शिरतो. ही तूट नाही, उलट वाढावा आहे.

हाताने मोजायच्या जुन्या मापकांत आणखी एक: दर वेळी भांड्याच्या भिंतीला ओल चिकटून राहते, ०.१ ते ०.२ मि.मी. आपल्याकडे ती हिशेबातच येत नाही. जिथे वर्षात शेकडो वेळा चिमूटभर हिम पडतं, तिथे तिची बेरीज मोठी होते. स्वालबार्डचं मुख्य गाव लाँगइयरब्यून, तिथल्या विमानतळावर वर्षाला साधारण २०० मि.मी. पडतं. धुळ्याला दुष्काळातही याहून जास्त पडतो.

जामनेरकर
एक मूलभूत प्रश्न. पाऊस पडला की बर्फ हे ठरवायला शून्य अंशाची रेषा धरायची ना? नोंदीत दिवसाचं सरासरी तापमान आहे, उणे असेल तर बर्फ, अधिक असेल तर पाऊस. मुलांनी बहुधा तेच केलंय.

सातपुडा_वारा
जिभाऊ, तिथेच फसगत आहे. शून्य हा वितळण्याचा बिंदू, पण पडणारा कण हवेच्या तापमानाला नाही, ओल्या फडक्याच्या तापमानाला वागतो. शाळेच्या हवामानपेटीत कोरडा आणि ओला असे दोन तापमापक असतात ना, त्यातला ओला बघायचा.

उदाहरण: हवा अडीच अंश, आर्द्रता ५० टक्के. ओला तापमापक दाखवेल सुमारे उणे ०.७. हिमकणाच्या पृष्ठभागावरून बाष्प उडतं, कण थंड राहतो, जमिनीवर बर्फ म्हणूनच पोचतो. तीच अडीच अंश हवा, पण आर्द्रता ९५ टक्के, तर ओला दाखवतो अधिक २.२. आता पाऊस. उन्हाळ्यात माठ खानदेशात चांगला गार होतो आणि कोकणात होत नाही, त्यामागचं कारण हेच.

उत्तर गोलार्धातल्या जमिनीवरच्या नोंदींचा मेळ घातला तर निम्मा बर्फ-निम्मा पाऊस ही सीमा सरासरी १ अंशाच्या आसपास येते, पण जागेनुसार उणे ०.४ पासून अधिक २.४ पर्यंत सरकते. समुद्राजवळच्या दमट जागी खाली, कोरड्या खंडांतर्गत भागात वर. स्वालबार्ड दमट बाजूला येतं.

आणि दिवसाची सरासरी तर मुळीच नको. दक्षिणेकडून उबदार वारा सहा तास आला, पारा अधिक ३ ला गेला, तेवढ्यात ३० मि.मी. पाऊस झाला आणि उरलेला दिवस उणे ६. सरासरी उणे येईल, आणि मुलं ३० मि.मी. "बर्फ" लिहितील.

तापीमाई
थोडं खानदेशात आणू का? जळगावला श्रावणात जी झड लागते, तिच्यातलाही बराच पाऊस वर बर्फच असतो. पावसाळ्यात आपल्याकडे शून्य अंशाची पातळी पाच-साडेपाच किलोमीटरवर असते. उंच ढगांत त्याच्या वर हिमकण तयार होतात, खाली येताना त्या पातळीखाली वितळतात, पुढचे चार-पाच किलोमीटर पाणी म्हणून येतात. वितळणारा कण बाहेरून ओला आणि आतून मोठा, त्यामुळे रडारला तो फार ठळक दिसतो. चित्रात त्या उंचीवर उजळ पट्टा येतो.

नी-अलेसुंडला सरळ वर बघणारं छोटं पर्जन्य-रडार लावलेलं आहे. त्यात हाच उजळ पट्टा दिसतो, फक्त पाचशे-हजार मीटरवर. हिवाळ्यात एरवी पट्टा नसतो, कारण शून्याची पातळीच जमिनीच्या वर नसते. उबदार झोत आला की पट्टा जमिनीवरून उचलला जातो, आणि पट्ट्याखाली जे काही आहे तिथे पाऊस. मुलांना उभा छेद काढून दाखवा: एका बाजूला जळगाव, दुसऱ्या बाजूला नी-अलेसुंड, मधून शून्याची रेषा. दहा ओळींचा मजकूर वाचेल.

गारपिटीशी घोळ करू नये एवढं जपा. फेब्रुवारी-मार्चमधली अवकाळी गार म्हणजे जोरदार वर चढणाऱ्या हवेत गोठलेल्या थेंबांवर थरावर थर चढून झालेला गोळा. ती वितळायच्या आत खाली आदळते. हिमवर्षावाशी तिचं नातं नाही.

केळीचं_पान
बर्फाऐवजी पाऊस पडला तर बिघडलं काय? पाणी ते पाणीच.

गिरणाथडी
बर्फाच्या थरावर पडलं की पाणी ते पाणी राहत नाही. हिशेब करू.

१० मि.मी. पाऊस म्हणजे चौरस मीटरला १० किलो पाणी. ते २ अंशांचं असेल तर शून्यापर्यंत थंड होताना सुमारे ८४ किलोज्यूल उष्णता देतं. अगदीच किरकोळ. पण ते आत झिरपून गोठलं तर किलोमागे ३३४, म्हणजे ३,३४० किलोज्यूल. चाळीसपट! खाली अर्धा मीटर बर्फ, घनमीटरला ३०० किलो घनतेचा, म्हणजे चौरस मीटरवर १५० किलो. त्याला एक अंश तापवायला सुमारे ३१५ किलोज्यूल लागतात. एका रिपरिपीने अख्खा थर दहा अंशांनी तापला. उणे १२ चा बर्फ उणे दीडला. पाऊस गरम असतो म्हणून बर्फ तापतो हा समज काढून टाका, गोठणारं पाणी उष्णता सोडतं म्हणून तापतो.

दुसरा परिणाम: झिरपलेलं पाणी गोठलेल्या जमिनीला टेकतं, पुढे जागा नाही, तिथेच बर्फाची लादी होते. रेनडियर खुराने भुसभुशीत हिम उकरून खालचं शेवाळ खातात, लादी त्यांना फुटत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियाच्या यामाल द्वीपकल्पावर असा पाऊस झाला आणि त्या हिवाळ्यात ६१,००० रेनडियर उपाशी मेले. कॅनडाच्या बँक्स बेटावर ऑक्टोबर २००३ च्या पावसानंतर सुमारे २०,००० कस्तुरी-बैल गेले. गुरं डोळ्यांसमोर, चारा पायाखाली, आणि मध्ये चार बोटं काच.

सातपुडा_वारा
स्वालबार्डचीच दोन उदाहरणं घाला. ३० जानेवारी २०१२ ला नी-अलेसुंडला एका दिवसात ९८ मि.मी. पडला. भर ध्रुवीय रात्रीत. लाँगइयरब्यूनच्या वार्षिक पर्जन्याच्या जवळपास निम्मा, चोवीस तासांत. आणि फेब्रुवारी २०२५: नी-अलेसुंडची महिन्याची सरासरी उणे ३.३, जिथे १९६१ ते २००१ ची फेब्रुवारी सरासरी उणे १५ आहे. २८ पैकी १४ दिवस पारा शून्याच्या वर गेला.

जागतिक बियाणे कोठारही तिथलंच. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस आणि वितळलेलं पाणी प्रवेशबोगद्यात शिरलं आणि तिथे गोठलं. बियाणं सुरक्षित राहिलं, ते डोंगरात खूप आत आहे. पण भोवतीची माती कायम गोठलेली राहील हे गृहीत धरून बांधलेल्या बोगद्याचं पुढे पुन्हा बांधकाम करावं लागलं.

अमळनेरी
ग्रीनलंडच्या माथ्यावर पाऊस पडल्याची बातमी होती, ती खरी का?

तापीमाई
खरी. १४ ऑगस्ट २०२१, समिट केंद्र, उंची ३,२१६ मीटर. तापमान सुमारे नऊ तास शून्याच्या वर होतं आणि कर्मचाऱ्यांनी पाऊस पाहिला. तिथली पहिलीच नोंद. त्या तीन दिवसांत संपूर्ण हिमस्तरावर मिळून सुमारे ७ अब्ज टन पाणी पडलं. आणि या धाग्याच्या दृष्टीने गंमत बघा: माथ्यावर पाऊस मोजायचं यंत्रच नव्हतं, कारण तिथे पाऊस पडेल असं कुणी धरलं नव्हतं. त्यामुळे माथ्यावर किती मि.मी. झाला, हा आकडा नाही.

ग्रीनलंडच्या उतारावर वेगळा त्रास होतो. खालचं जुनं हिम स्पंजासारखं असतं, पाणी शोषून तिथेच गोठवतं. एकदा वितळून-गोठून त्यात जाड लाद्या झाल्या की पुढचं पाणी आत जात नाही, पृष्ठभागावरून वाहून समुद्रात जातं. पक्क्या मातीच्या अंगणावर पाऊस पडल्यावर होतं तसं.

जामनेरकर
आणि दक्षिणेला?

तापीमाई
अंटार्क्टिकाचा मधला भाग इतका थंड आहे की पाच-सात अंश वाढूनही तिथे बर्फच पडेल. दमट हवेमुळे उलट जास्त पडेल, आणि तो समुद्रपातळीच्या वाढीतून थोडा वजा होतो. मार्च २०२२ मध्ये बाष्पाचा लांबच लांब झोत पूर्व अंटार्क्टिकावर घुसला, तेव्हा काँकॉर्डिया केंद्रावर पारा उणे ११.५ पर्यंत चढला, नेहमीपेक्षा सुमारे ४० अंश जास्त. तरीही माथ्यावर बर्फच.

पाऊस काठाला येतो आणि तिथे थोडाही पुरतो. ड्युमाँ द्युर्व्हिल या किनाऱ्यावरच्या फ्रेंच केंद्राजवळच्या अॅडेली पेंग्विनांच्या वसाहतीत २०१३-१४ च्या हंगामात एकही पिल्लू जगलं नाही. पाऊस हे एक मोठं कारण. पिल्लांची लव थंडी अडवते, पाणी अडवत नाही. भिजली आणि मग पारा उतरला की संपलं.

हतनूर_दरवाजे
या सगळ्याचा आपल्या पावसाशी थेट संबंध आहे. आर्क्टिकचा बर्फ वितळला म्हणून सप्टेंबरमध्ये हतनूरचे दरवाजे उघडावे लागतात, असं वाचलंय.

सातपुडा_वारा
"थेट" शब्द काढा भो. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांचा २०२१ चा अभ्यास आहे: कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ घटणं आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये होणारा अतिवृष्टीचा पाऊस यांत सांख्यिकी संबंध दिसतो, आणि वरच्या हवेतल्या लाटांमधून तो जोडला जाण्याची शक्यता त्यांनी मांडली आहे. शक्यता. त्यावरून एखाद्या वर्षीच्या एखाद्या पुराचं बिल आर्क्टिकच्या नावावर फाडता येत नाही. हतनूरला तापी-पूर्णेच्या खोऱ्यात त्या आठवड्यात किती पडला आणि धरण आधीच किती भरलं होतं, हे दोनच प्रश्न आधी.

पांझराकाठ
मग तक्ता कसा करायचा? ईआरए-५ चा डेटा घेऊ म्हणतो. मापकाच्या तुटीचा प्रश्नच राहणार नाही.

गिरणाथडी
तूट जाईल, दुसरे खड्डे येतील. ईआरए-५ म्हणजे निरीक्षणं पोटात घेतलेलं हवामानाचं संगणकी प्रतिमान. त्यातलं पर्जन्य हा प्रतिमानाचा अंदाज असतो. क्रमाने करा.

एकूण पर्जन्य आणि हिमपर्जन्य ही दोन चलं उतरवा. पाऊस म्हणजे पहिल्यातून दुसरं वजा. दोन्ही मीटरमध्ये असतात, हजाराने गुणा. हिमपर्जन्य हे वितळलेल्या पाण्याच्या मापात असतं, बर्फाच्या जाडीत नाही. ताजं हिम साधारण १० सें.मी. म्हणजे १० मि.मी. पाणी, वाऱ्याने दाबलेलं असेल तर ३०-४० मि.मी.

महिन्याची सरासरी फाइल घेतली तर तिच्यातला आकडा "दिवसाला इतके मीटर" असा असतो. त्या महिन्याच्या दिवसांनी गुणायचं. हे विसरल्याने वर्षाचं पर्जन्य १२-१४ मि.मी. येतं आणि लोक हजाराचा गुणाकार पुन्हा-पुन्हा तपासत बसतात.

ईआरए-५ पृथ्वीचे चौकटींत तुकडे करतं, एकेक चौकट पाव अंशाची. विषुववृत्तावर ती साधारण चौरस असते. ७९ अक्षांशावर उत्तर-दक्षिण २८ किलोमीटर, पूर्व-पश्चिम जेमतेम ५. प्रदेशाची सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनने भारांकन करा, नाहीतर ध्रुवाकडच्या चौकटी उगाच जास्त मतं टाकतात. शिवाय डोंगर, हिमनदी आणि समुद्र एकाच चौकटीत सपाट होतात, त्यामुळे बंदरावरचा पाऊस आणि चौकटीचा पाऊस जुळायची अपेक्षा नको.

प्रतिमानं रिमझिम फार दाखवतात. तासाला ०.१ मि.मी.पेक्षा कमी असेल तो तास पावसाच्या तासांत मोजू नका. बेरजेत मात्र राहू द्या.

उपग्रहाचा पर्याय कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: २०१४ पासूनच्या जागतिक पर्जन्य मोहिमेचं रडार ६५ अक्षांशापर्यंतच जातं. स्वालबार्ड त्याच्या बाहेर.

केळीचं_पान
मग मुलांनी वाक्य काय लिहायचं?

गिरणाथडी
खरी वाढही आहे, ते लिहायलाच हवं. हवा एक अंश तापली की तिची बाष्प धरायची क्षमता सुमारे ७ टक्के वाढते, आणि समुद्रावरचं बर्फाचं झाकण हटल्यामुळे स्थानिक बाष्पीभवन, विशेषतः शरद आणि हिवाळ्यात, वाढलंय. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापलाय. प्रतिमानांच्या मते एकूण पर्जन्य वाढतं आणि तरीही बर्फाचा वाटा घटतो. तो बदल ठळक दाखवा, कारण मापकाची चूक तिथेही येते पण दिशा बदलत नाही.

सातपुडा_वारा
यावर माझं थोडं वेगळं मत. वाटा म्हटला तरी मापकात बर्फ कमी भरत असल्याने पावसाचा वाटा नेहमी खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. वरच्याच गणितात खरा पावसाचा वाटा ४० टक्के होता आणि वहीत १४४ भागिले २७६, म्हणजे ५२ टक्के. नंतर खरा ६०, वहीत ७१. दिशा बरोबर, पण वाढ २० ऐवजी १९ टक्क्यांची आणि दोन्ही आकडे चुकीचे. म्हणून मुद्दा वाट्याचाही नको. हिवाळ्यात किती दिवस पाऊस पडला हे मोजू द्या. नोव्हेंबर ते एप्रिल, तासाची नोंद, ओल्या तापमापकाचं तापमान १ अंशाच्या वर आणि पर्जन्य ०.१ मि.मी. किंवा जास्त, असा एक तरी तास असलेला दिवस. वारा किती खातो याचा या मोजणीवर फारसा परिणाम होत नाही.

पांझराकाठ
हे जमेल. वरच्या भागात दिवसांचे खांब, खाली मि.मी. चं एकूण पर्जन्य फिक्या रंगात, दुरुस्ती न केलेलं असं स्पष्ट लिहून. बाजूला तापीमाईंचा उभा छेद. ओल्या तापमापकासाठी तासाची आर्द्रता लागेल, ती नी-अलेसुंडच्या नोंदीत आहे ना?

सातपुडा_वारा
आहे. फक्त मापक कधी बदलला आणि कुठे हलवला ते केंद्राच्या माहितीपत्रात बघून घ्या, आणि त्या वर्षी तक्त्यावर उभी तुटक रेघ मारा. हाताच्या मापकाकडून वजनी मापकाकडे गेलेल्या वर्षी नोंद एका रात्रीत उडी मारू शकते.

जामनेरकर
आणि खांबांवर एकक "दिवस" लिहा आप्पा. मि.मी. राहून गेलं तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.